एका मुलाला १७ सेकंद: मराठी शाळेत इंग्रजी बोलतं करणारे वर्गातले उपक्रम

वर्गात ३६ मुलं आहेत आणि तासिका ३५ मिनिटांची आहे असं धरा. हजेरी, वह्या काढणं, फळा पुसणं यांत ५ मिनिटं जातात. उरलेल्या ३० मिनिटांपैकी २० मिनिटं धडा वाचायला, अर्थ सांगायला आणि फळ्यावर लिहायला लागतात, आणि तेवढा वेळ बोलतात त्या बाई किंवा सर. राहिली १० मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद. ती ३६ जणांत वाटली तर एका मुलाच्या वाट्याला जेमतेम १७ सेकंद येतात. त्यातही हात वर करणारी पाचसहा मुलं बाकीच्यांचे सेकंद घेऊन जातात.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे आजच्या सातवीच्या मुलानं सात वर्षं इंग्रजीचा तास पाहिलेला असतो. त्याला कविता पाठ असते, स्पेलिंगं येतात, प्रश्नोत्तरं लिहिता येतात. पण कुणी इंग्रजीत ‘तू शाळेत कसा येतोस’ विचारलं की ते मान खाली घालतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते. सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं, शब्द कमी पडतात, व्याकरण कच्चं आहे. एकदा तासाचा वरचा हिशोब मांडला आणि खरी अडचण दिसली. मुलांना बोलायला वेळच मिळत नव्हता. तीच ३६ मुलं १८ जोड्यांत बसवून १० मिनिटं बोलू दिली, तर प्रत्येकाला ५ मिनिटं मिळतात. १७ सेकंदांचे ३०० सेकंद होतात. खाली दिलेले सगळे उपक्रम या एका गोष्टीसाठी आहेत.

पहिला आठवडा: गावातलं इंग्रजी गोळा करा

‘मला इंग्रजी येत नाही’ ही समजूत आधी मोडावी लागते. ती मोडायचं साधन मुलांच्या घरातच असतं. पहिल्या दिवशी घरी जाताना सांगा: घरात, शेतात, एस. टी. स्टँडवर, किराणा दुकानात माणसं जे इंग्रजी शब्द बोलतात ते ऐका आणि प्रत्येकी दहा लिहून आणा. मराठीत लिहिले तरी चालतील. दुसऱ्या दिवशी मोटर, स्टार्टर, पाईप, ट्रॅक्टर, ट्रॉली, टायर, पंक्चर, चार्जर, रिचार्ज, रेंज, कुकर, गॅस, कंडक्टर, इंजेक्शन, सलाईन, डोस असे शंभरेक शब्द सहज जमतात. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ते मोठ्या अक्षरांत लिहा, समोर इंग्रजी स्पेलिंग लिहा आणि भिंतीवर लावा. ज्या मुलानं जो शब्द आणला, त्याचं नाव शब्दाखाली लिहा. वर्षभर ती पाटी उतरवू नका.

या शब्दांत एक गंमत आहे आणि तिच्यावर एक आख्खा तास द्यावा. मराठीत आल्यावर काही शब्दांचा अर्थ बदलला आहे. आपण ‘बोअर’ म्हणतो ती विंधन विहीर. ‘स्टँड’ म्हणजे बसस्थानक. ‘लाईट गेली’ म्हणजे वीज गेली. ते शब्दाला शब्द लावून ‘लाईट वेंट’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला काही कळणार नाही, ‘देअर इज नो पॉवर’ म्हणावं लागेल. मुलांना हे शोधायला फार आवडतं. शब्द ओळखीचा असला तरी वाक्य वेगळं बांधावं लागतं, हे त्यांच्या इथे पहिल्यांदा लक्षात येतं.

ऐकून करा

पहिले दोनतीन आठवडे रोज ५ मिनिटं नुसती सूचनांची. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. तान्हं मूल बोलण्याआधी कित्येक महिने ऐकतं आणि ऐकलेल्यावर हालचाल करतं, तसंच दुसऱ्या भाषेतही आधी शरीराला उत्तर देऊ द्यावं, असं त्यांचं म्हणणं. ‘स्टँड अप’, ‘सिट डाऊन’ एवढ्यावर थांबू नका, ते मुलांना सवयीनं येतं. ‘टच समथिंग ब्लू’, ‘पुट युवर पेन्सिल बिहाइंड युवर बॅग’, ‘वॉक टू द विंडो, बट डोन्ट टच इट’ अशी वाक्यं हवीत, म्हणजे शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय करता येणार नाही. पहिले तीन दिवस तुम्ही स्वतः करून दाखवा. चौथ्या दिवशी हात मागे बांधून फक्त बोला. दुसऱ्या आठवड्यात सूचना द्यायला मुलांनाच पुढे बोलवा. जे मूल तोंड उघडत नाही, ते या ५ मिनिटांत नेहमी सगळ्यांच्या बरोबरीनं असतं. त्याला बोलायची घाई करू नका.

मधोमध दप्तर: हा उपक्रम नीट बसवा

एकच उपक्रम करायला वेळ असेल तर हा करा. यामागचं तत्त्व सोपं आहे. माणूस दुसऱ्याला विचारतो, कारण त्याला माहीत नसतं. आपल्या वर्गात मात्र बाई पेन हातात धरून ‘व्हॉट इज धिस?’ विचारतात, बाईंना माहीत असतं, मुलाला माहीत असतं आणि उरलेल्या ३५ जणांनाही माहीत असतं. अशा प्रश्नाला मनापासून उत्तर द्यायला कारणच नसतं. भारतात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत जो बंगळूर प्रकल्प राबवला, त्याचा पाया असाच होता: मुलाचं लक्ष भाषेच्या नियमावर न ठेवता हातातल्या कामावर ठेवायचं, काम पुरं करता करता भाषा रुजते. त्यांच्या वर्गांत जोड्यांवर किंवा गटांवर भर नव्हता. आधी शिक्षकानं तसंच एक काम सगळ्या वर्गाबरोबर करायचं आणि मग मुलांनी ते स्वतः करायचं, असा क्रम होता. पहिला भाग मी त्यांच्याकडून घेते आणि दुसरा जोडीत करते, कारण मला सेकंद वाढवायचे असतात.

पायऱ्या अशा:

१. फळ्यावर एक खोली काढा: खिडकी, टेबल, खुर्ची, दार. बाजूला पाच वस्तू लिहा: कॅट, बॉल, बॅग, कप, बुक. खाली पाच शब्द: ऑन, अंडर, इन, निअर, बिहाइंड.

२. तुमच्या वहीत तशीच खोली काढून पाच वस्तू कुठेही ठेवा आणि वही कुणाला दाखवू नका. वर्गानं विचारायचं: ‘व्हेअर इज द कॅट?’ तुम्ही उत्तर द्या: ‘द कॅट इज अंडर द टेबल.’ एक मूल फळ्यावर काढेल. शेवटी वही दाखवून चित्रं जुळवा.

३. आता जोड्या. दोघांच्या मधोमध दप्तर उभं ठेवा. पहिल्या मुलानं २ मिनिटांत स्वतःची खोली काढायची.

४. दुसऱ्यानं विचारायचं, पहिल्यानं सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं. डोकावायचं नाही, बोट दाखवायचं नाही.

५. दप्तर बाजूला करून चित्रं जुळवायची. जिथे जुळत नाही तिथे थांबायचं आणि चूक सांगण्यात झाली की ऐकण्यात, ते शोधायचं.

६. मग अदलाबदल.

पाचव्या पायरीला घाई करू नका. ‘मी निअर म्हटलं होतं, तू बिहाइंड काढलंस’ असा वाद दोघांत रंगतो, तेव्हा अर्थाची खरी चाचपणी चालू असते. हा वाद मराठीत झाला तरी मी होऊ देते. पहिल्या दिवशी या उपक्रमाला पूर्ण तास लागतो. चौथ्या वेळेपर्यंत तो १२ ते १५ मिनिटांत बसतो, कारण नियम समजवावे लागत नाहीत.

इथे एक चूक हमखास ऐकू येते: ‘टेबल अंडर’. मुलाचा तर्क बरोबर आहे. मराठीत आपण ‘टेबलाखाली’ म्हणतो, म्हणजे ‘खाली’ हा शब्द वस्तूच्या मागे येतो. इंग्रजीत तो पुढे येतो. हे सांगून कळत नाही, हलून कळतं. तीन मुलांच्या हातात कागदाच्या पट्ट्या द्या: द, टेबल, अंडर. आधी मराठीच्या क्रमानं उभं करा, मग ‘अंडर’ पट्टीवाल्या मुलाला चालत पुढे आणा. वाक्य मोठं असेल तर आणखी मुलं उभी करा. ‘मी आंबा खातो’ या वाक्यातला ‘खातो’ शेवटून उठून मधे येतो आणि ‘आय ईट मँगोज’ होतं, हेही असंच दाखवता येतं. दोन भाषांतला फरक मुलांनी पायांनी चालून पाहिला की तो लक्षात राहतो.

आवाजाचं काय, हे प्रत्येक शिक्षण परिषदेत विचारलं जातं. १८ जोड्या बोलणार म्हणजे आवाज होणारच. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. मुलांशी एक खूण ठरवा. मी हात वर करते, ज्याला दिसेल त्यानं हात वर करून गप्प व्हायचं. आठवड्याभरात दहा सेकंदांत वर्ग शांत होतो. जोड्या ठरवताना एकदम हुशार आणि एकदम मागे असलेलं मूल एकत्र बसवू नका. हुशार मूल सगळं बोलून टाकतं. जवळजवळच्या पातळीची मुलं एकत्र बसवा आणि महिन्यानं जोड्या बदला.

मराठी बंद करायची का? माझं मत स्पष्ट आहे: बंदी घातली की मूल इंग्रजी बोलत नाही, ते बोलायचंच थांबतं. त्याऐवजी भिंतीवर पाच वाक्यं लावा आणि अडलं की त्यांतलं एक वापरायची सवय लावा: ‘से इट अगेन, प्लीज’, ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, ‘हाऊ डू यू से भाकरी इन इंग्लिश?’, ‘वेट, प्लीज’, ‘युवर टर्न’. तिसऱ्या वाक्यात मराठी शब्द मधे घालायला जागा आहे, म्हणून मुलं तेच सगळ्यात आधी उचलतात.

खोलीचा उपक्रम जुना झाला की तत्त्व तेच ठेवून सामग्री बदला. एकाकडे गावाचा नकाशा, दुसऱ्यानं ग्रामपंचायतीपासून दवाखान्यापर्यंतची वाट विचारायची. मग एस. टी.चं वेळापत्रक: एकाकडे सुटण्याच्या वेळा, दुसऱ्याकडे पोहोचण्याच्या; ‘सकाळी ११ला तालुक्याला पोहोचायचं तर कोणती गाडी?’ हे दोघांनी मिळून काढायचं. इथे नुसती माहिती सांगून भागत नाही, विचार करावा लागतो. त्यानंतर मताचे प्रश्न: सहलीला रायगडावर जायचं की अजिंठ्याला? प्रत्येक उत्तरात ‘बिकॉज’ आलंच पाहिजे. प्रभूंनी माहिती, तर्क आणि मत असे तीन प्रकार सांगितले आहेत. मी त्याच क्रमानं जाते, कारण प्रत्येक पायरीला वाक्य थोडं लांबतं.

वर्गभर फिरून विचारा

मराठीत प्रश्न विचारायला शेवटी ‘का’ जोडलं की झालं: ‘तुला आंबा आवडतो का?’ इंग्रजीत सुरुवातीला ‘डू’ लागतं आणि मुलं ते गाळतात: ‘यू लाईक मँगो?’ नियम शंभरदा सांगण्यापेक्षा प्रश्न तीस जणांना विचारायला लावा. वहीत तीन रकाने आखायचे: नाव, यस, नो. प्रत्येक मूल एक प्रश्न निवडतं, ‘डू यू लाईक कारलं?’, ‘डू यू हॅव अ सायकल?’, ‘कॅन यू स्विम?’, आणि १० मिनिटं वर्गात फिरून सगळ्यांना विचारतं. जागेवर आल्यावर तीन वाक्यं सांगायची: ‘ट्वेल्व्ह स्टुडंट्स हॅव अ सायकल.’ दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला याच आकड्यांचा स्तंभालेख काढून घेता येतो. पुढच्या वेळी एकेका मुलाबद्दल सांगायला लावा. मग ‘शी लाईक्स’, ‘ही हॅज’ यांचा सराव होतो.

‘मला’नं सुरू होणाऱ्या वाक्यांसाठीही हाच उपक्रम घ्या. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला भूक लागली’, ‘मला सर्दी झाली’ या तिन्हींत आपण ‘मला’ म्हणतो, म्हणून मुलं ‘मला’ या अर्थी इंग्रजी ‘मी’ (me) घेऊन ‘मी हंग्री’ म्हणतात. ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव अ कोल्ड’ ही वाक्यं जशीच्या तशी, आख्खी शिकवा.

पळतं श्रुतलेखन

वर्ग मरगळलेला असेल, जेवणानंतरचा तास असेल, तेव्हा हे. चार वाक्यांचा उतारा व्हरांड्याच्या भिंतीवर चिकटवा. जोडीतलं एक मूल जाऊन एक वाक्य वाचतं, लक्षात ठेवून परत येतं आणि सांगतं, दुसरं लिहितं. विसरलं तर पुन्हा जायचं, पण भिंतीजवळून ओरडून सांगायचं नाही. दोन वाक्यांनंतर काम बदलायचं. शेवटी मूळ उतारा फळ्यावर लिहून मुलांनी स्वतःच तपासायचं. वाचणं, बोलणं, ऐकणं, लिहिणं एका फेरीत होतं. व्हरांडा अरुंद असेल तर पळण्याऐवजी चालायला सांगा.

वाचताना कानांकडे लक्ष

ए, बी, सी पाठ असूनही मूल ‘सी-ए-टी’ वाचू शकत नाही, कारण त्याला अक्षरांची नावं येतात, आवाज येत नाहीत. मराठीत ‘क’चं नाव आणि आवाज एकच आहे, इंग्रजीत ‘सी’चा आवाज इथे ‘क्’ आहे. म्हणून एका शेपटाचे शब्द घ्या. ‘ए-टी’ फळ्यावर कायम ठेवून पुढचं अक्षर बदलत जा: कॅट, बॅट, हॅट, मॅट, रॅट. इथे मराठी मुलाला मोठा फायदा आहे: ‘बॅट’मधला ‘ॲ’ आपल्या लिपीत वेगळ्या खुणेनं लिहिता येतो आणि त्याच्या कानालाही तो ओळखीचा आहे. ‘बेल’ आणि ‘बॅट’ समोरासमोर लिहून तो फरक दाखवा.

अडचण येते ती ‘शिप’ आणि ‘शीप’मध्ये. मराठी लिहिताना आपण ऱ्हस्वदीर्घ पाळतो, पण बोलताना तो फरक फारसा जपत नाही, म्हणून मुलांच्या कानाला दोन्ही शब्द सारखेच वाटतात. आधी ऐकण्याचा खेळ घ्या. वर्गाच्या डाव्या भिंतीला जहाजाचं चित्र, उजव्या भिंतीला मेंढीचं. तुम्ही शब्द म्हणा, मुलांनी त्या दिशेला हात करायचा. दहापैकी आठ वेळा बरोबर दिशा आली की मगच बोलायला लावा. तसंच ‘वेट’ आणि ‘व्हेट’चं: पहिल्यात ओठ गोल होतात, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. छोटा आरसा फिरवा, मुलं आपलेआप ओठ बघतात. उच्चारावर एका दिवशी ५ मिनिटांहून जास्त वेळ देऊ नका, मुलं कंटाळतात.

चार वाक्यांची वही

दर सोमवारी प्रत्येकानं सुट्टीत काय झालं ते चार वाक्यांत लिहायचं. शब्द अडला तर तो मराठीत लिहून अधोरेखित करायचा. मी सगळ्या चुकांवर लाल रेघा मारत नाही. एका आठवड्यात एकच गोष्ट तपासते, कधी मोठं अक्षर आणि पूर्णविराम, कधी फक्त भूतकाळ. खाली एक ओळ उत्तर लिहिते: ‘युवर गोट हॅड टू बेबीज! व्हॉट आर देअर नेम्स?’ मूल पुढच्या सोमवारी त्याचं उत्तर लिहून आणतं.

बोलण्यातल्या चुकांनाही हाच न्याय. जोड्या बोलत असताना मी मधे पडत नाही. फिरताना कागदावर तीन चुका टिपते आणि शेवटच्या ३ मिनिटांत नाव न घेता फळ्यावर लिहिते. सुधारणा वर्ग करतो.

आठवड्याची मांडणी

मी असं बसवते: सोमवारी चार वाक्यांची वही आणि सूचना. मंगळवारी पाठ्यपुस्तकाचा धडा, पण त्यातल्या चित्रावर दप्तराचा उपक्रम. बुधवारी आवाज आणि वाचन. गुरुवारी पुन्हा धडा, त्यातल्याच चार वाक्यांचं पळतं श्रुतलेखन. शुक्रवारी वर्गभर फिरून विचारणं. शनिवारी सकाळच्या शाळेत परिपाठाला दोन जोड्यांनी आठवड्यातला संवाद सादर करायचा. पाठ्यपुस्तक मागे पडत नाही, कारण उपक्रमाची सामग्री धड्यातूनच येते. बहुवर्ग शाळेत, म्हणजे एकाच शिक्षकाकडे दोनतीन वर्ग असतात तिथे, वरच्या वर्गाच्या जोड्या स्वतः काम करू लागल्या की तेवढ्या वेळात खालच्या वर्गाबरोबर बसता येतं. मात्र वरच्या वर्गाला उपक्रम पूर्ण सवयीचा झालेला हवा.

प्रगती मोजायला फोन पुरतो. जून-जुलैमध्ये प्रत्येक मुलाला एकच चित्र दाखवून १ मिनिट बोलू द्या आणि आवाज रेकॉर्ड करा. रोज चार मुलं घेतली तर ३६ मुलं नऊ दिवसांत होतात. डिसेंबरमध्ये तेच चित्र, तेवढाच वेळ. दोन्ही ऐकताना चुका मोजू नका. मूल किती शब्द बोललं, किती वेळा थांबलं आणि एखादं पूर्ण वाक्य स्वतःहून जुळवलं का, एवढंच वहीत लिहा. मग दोन्ही रेकॉर्डिंग त्या मुलाला आणि पालकसभेला आलेल्या त्याच्या आईवडिलांना एकामागोमाग ऐकवा.